ओढलं की सुटणारं कानातलं

१ नोव्हेंबर

आज हिऱ्यांचं काऊंटर उघडलं. कर्जतच्या बाजारात कडुनिंबाखाली गोणपाट टाकून पोरांचे कान टोचणारा हरी आता काचेमागे उभा राहून खरे हिरे विकतो, हे माझं मलाच पटेना, म्हणून लिहून ठेवतोय. शैला म्हणाली, "लिहा, लिहा. निदान वहीला तरी तुमचं पुरतं ऐकावं लागेल." बायकोच ती, बोलणारच.

अंगठ्या, नथी, टॉप्स सगळं मांडलंय, पण काचेच्या मधोमध लोलक. कानात घट्ट बसलेला हिरा खुर्चीतल्या हेडमास्तरासारखा असतो, त्याला मान मिळतो, पण दुसऱ्यांदा वळून कोणी बघत नाही. तोच हिरा टॉपखाली एका कडीत अडकवून लोंबता सोडा. मागून उजेड, पुढून उजेड, आणि बाईनं नुसतं "हो" म्हणताना मान हलवली तरी गालावर उजेडाचे ठिपके नाचतात. हे मी गिऱ्हाइकाला सांगतो तेव्हा बाई आरशात बघत नाही, स्वतःची मान हलवून बघते. तिथंच सौदा होतो.

पहिलं गिऱ्हाईक लोधिवलीचा ऋषिकेश. बापाची जमीन रस्त्यात गेली, पोरानं डंपर घेतले, आता कळंबला रिसॉर्ट बांधतोय. दिलदार माणूस. तो हसला की अख्खं दुकान हसतं. बायकोला, सोनालीला, सोबत घेऊन आला होता. सर्वांत लांब लोलक निवडले ते त्यानंच.

"शेठ, फिरकी अशी आवळा, बाईचा कान गेला तरी चालंल, पन माझी वस्तू जाता नाय कामा," म्हणाला. सगळे हसलो.

फिरकी आवळण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. मी आवळलेली फिरकी बाईला घरी निघत नाही, पक्कड लागते, आणि पक्कड माझ्याकडे असते. गिऱ्हाईक पुन्हा येतं ते असं.

त्यानं सोनालीच्या कानावरचे केस मागे सारायला हात उचलला, तर तिचा श्वास जागच्या जागी थांबला. माझे कान तिखट, मला ऐकू आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगी रिया शाळेत जाते, तरी नवऱ्याच्या हाताची अशी लाज! हल्ली बघायला मिळत नाही.

९ नोव्हेंबर

उजवा हात अजून चिकट लागतोय. अंडं सुकलं की लवकर निघत नाही.

दुपारी ऋषिकेशची गाडी दुकानासमोर करकचून थांबली. शर्ट छातीपर्यंत लाल. "शेठ, सोनालीचा कान फाडला!" लोधिवलीजवळ जुन्या हायवेच्या कडेनं ती चालली होती, मागून कोणी बाइकवाला आला, लोलक धरून ओढला. कानाची पाळी खालपर्यंत चिरली. तिला दवाखान्यात सोडून हा चोराच्या मागावर निघाला होता. चोर कर्जतकडे पळाला म्हणे.

मी म्हणालो, मघाशी फुटक्या सायलेन्सरची एक बाइक दुकानावरून सुसाट गेली. तो आवाज मी ओळखतो. पळसदरीच्या लडकूची, अंडी पोचवतो तो.

मी एवढंच म्हणालो.

आम्ही चारफाट्यावर त्याला अडवलं तेव्हा बाइक बाजूला लावून तो चहा पीत होता. मागं अंड्यांचे ट्रे बांधलेले. ऋषिकेशनं त्याचंच हेल्मेट उचलून त्याच्या तोंडावर घातलं. मग आजूबाजूचे धावले. कोण, कशासाठी, कोणी विचारलं नाही. "चेन ओढतो भडव्या? बायांचे कान फाडतो?" लाथा, बेल्ट, एकाकडे तर ट्रे बांधायची दोरीच. लडकू ओरडत होता, "दादा, मी काय केलं, सांगा तरी! आरं, सांगा तरी!" पुन्हा हेल्मेट बसलं आणि काहीतरी मोडलं. हाड मोडल्याचा आवाज, भातात खडा दाताखाली यावा तसा, बारीक येतो. त्यानंतर तो बोलत होता, पण त्यातला एकही शब्द शब्द राहिला नव्हता. अंडी फुटून रस्ताभर पिवळं झालं होतं, त्यात रक्त. लोकांचे पाय घसरत होते, तरी थांबत नव्हते.

मीही एक ठेवून दिली. का ते नीट सांगता येत नाही. सगळ्यांचे हात वर होते.

पोलिसांनी त्याला उचलून नेलं तेव्हा ऋषिकेश माझ्या गळ्यात पडला. "शेठ, तुमच्या कानांमुळं घावला." मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१३ नोव्हेंबर

ऋषिकेश लोलक घेऊन आला, दुरुस्तीला. म्हणाला, चोराच्या हातून तिथंच पडला होता, गवतात सापडला. मी म्हटलं, देव पावला.

फिरकी जागची हलली नव्हती. मागं पाळीचा सुकलेला तुकडा चिकटला होता. क्षणभर अभिमान वाटला. कोमट पाण्यात भिजत घातलं, ब्रशनं काढलं, पाणी बाहेर नेऊन ओतलं.

टॉप आणि हिरा यांच्यामधली कडी ताणून लांबट झाली होती, सरळ खाली. मागून येणाऱ्या बाइकवाल्यानं ओढली तर ती एका अंगाला वाकायला हवी. हा चोर समोर उभा राहून खाली ओढणारा दिसतो. पण चालत्या गाडीचं गणित मला कुठं येतं?

शैला शेजारी बसून मणी ओवत होती. म्हणाली, "तिच्या गळ्यात एवढं जाडजूड मंगळसूत्र. आणि चोराला नेमकं कानातलंच दिसलं?"

"अगं, हिरा चमकतो," मी म्हटलं. "उगाच का मधोमध ठेवलेत?"

ती मणी ओवत राहिली.

लडकूकडे पोलिसांना काही मिळालं नाही. जबडा तारेनं बांधलाय म्हणे.

२ डिसेंबर

सोनाली एकटीच आली होती. पाळीवर टाक्यांची जाड गाठ उठलीय. त्या शेजारीच नवीन भोक पाडून दे म्हणाली. मी म्हटलं, "पोरी, थोडं थांब, कातडी अजून कच्ची आहे."

"थांबता नाय येनार, काका. ह्यांना कानात दिसले पायजेत."

बघा, किती हौशी नवरा! मी बर्फ लावला, टोचलं. लहान पोरं सुई दिसली की भोकाड पसरतात. ही डोळे उघडे ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसली, पापणीसुद्धा हलली नाही. रक्ताचा थेंब गळ्यावरून ओघळला, तो तिनं सवयीनं पदरानं टिपला.

मग हळूच म्हणाली, "काका, ओढलं तं सुटंल असं करता येईल का?"

मला आधी कळलंच नाही. आयुष्यभर मी एकच शिकलो, दागिना निघता कामा नये. ही म्हणते, निघायला हवा.

"म्हंजी वरचा टॉप ऱ्हाऊ दे. ओढलं का खालचा भाग हातात यावा. कानाला काय होऊ नये."

दोन्ही लोलक घेऊन मी ऐरणीशी बसलो. कडीची तार बारीक घेतली, मऊ घेतली, आणि तिचं तोंड जोडलंच नाही, नुसतं पकडीनं दाबलं. रोजच्या वापराला टिकेल, झटका बसला की उघडेल. तिच्या कानात घातलं. तिनं स्वतःच धरून खाली ओढलं. लोलक तिच्या मुठीत आला, कान जागेवर. मी पुन्हा अडकवला. तिनं पुन्हा ओढला. पुन्हा. दर वेळी डोळे मिटून.

"अगं, खेळणं आहे का ते?" मी हसून म्हटलं.

तीही हसली. या दुकानात तिला हसताना पहिल्यांदा ऐकलं. जाताना म्हणाली, "ह्यांना सांगू नका हां, कडी बदलली म्हनून." नवऱ्याला वाईट वाटू नये, त्यानं हौसेनं घेतलेल्या वस्तूत फेरफार केला म्हणून. संस्कारी मुलगी.

पण डोक्यात घंटा वाजली माझ्या. चोरांच्या भीतीनं बायका दागिने पेटीत ठेवतात. त्यांना ही कडी दिली तर?

१४ डिसेंबर

दुकानाबाहेर फळा लावलाय. माझ्याच अक्षरात: "चोरांपासून कान वाचवा. ओढलं की सुटणारं कानातलं इथे मिळेल."

मला वाटलं होतं, हिरेवाल्या दोघी-चौघी येतील. गर्दी झालीय! हिरेवाल्या आहेत, सोन्याचे झुबेवाल्या आहेत, जत्रेतल्या काचेच्या खड्यांची कानातली घेऊन आलेल्याही आहेत. मी म्हटलं, "बाई, हे चोर कशाला नेईल?" तर म्हणते, "तरी पन लावून द्या."

खालापूरच्या शाळेतल्या अंतरा बाई आल्या होत्या. शुद्ध बोलणं, कडक इस्त्रीची साडी, केस मात्र कानांवरून ओढून घेतलेले. भाजी विकणारी जयवंता आली. सगळ्या एकाच आवाजात विचारतात, इतक्या खालच्या की माझे कान तिखट नसते तर ऐकू आलं नसतं. एकही बाई नवऱ्याला घेऊन येत नाही. पुरुषांना घरच्या सुरक्षेची पडलेलीच नाही, हे मी शैलाला म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली, जसं शिकवणीला आलेल्या ढ पोराकडे बघावं.

आज एक गंमत झाली. जयवंता सुटलेला लोलक हातात घेऊन म्हणाली, "शेठ, येक काम करा. केसांना बी अशीच कडी लावून द्या."

काऊंटरवरच्या सगळ्या बायका एकदम खदखदून हसल्या. अंतरा बाईसुद्धा. मग एकदम थांबल्या, जसा कोणी बटण दाबून टीव्ही बंद करावा. विनोद मला कळला नाही, पण मी हसलो. गिऱ्हाईक हसलं की आपण हसायचं असतं.

पेटंट कसं घेतात ते विचारायला हवं.

२९ डिसेंबर

लडकू आला होता. त्याची बायको ठमी सोबत होती. तोंड एका बाजूला सरकलंय. बोलला की लाळ गळते, ती ठमी पुसते. मला वाटलं, दुखण्याच्या खर्चाचं मागायला आलाय. मी तयारीत होतो.

तो म्हणाला, "शेठ, बाहेर या जरा."

बाहेर त्याची बाइक उभी. त्यानं किक मारली. गाडी सुरू झाली ती मांजरासारखी गुरगुरत. मऊ.

"सायलेन्सर आदल्याच दिशी बदललावता," ठमी म्हणाली. "गॅरेजवाल्याला इचारा. त्या दिशी तुमी आयकली ती दुसऱ्याच कुनाची. चारफाट्यावर येवडी मानसं व्हती, शेठ. येकानं तरी गाडी चालू करून आयकायची."

लडकू मध्येच काही म्हणाला. मला कळलं नाही, ठमीनं सांगितलं. "ते म्हनतात, तुमी बी मारलीत."

मी "चहा घ्या" म्हटलं. ते थांबले नाहीत. बाइक गेली तेव्हा आवाज कोपऱ्यापर्यंतही टिकला नाही.

मग लोधिवलीला कोण होतं? कोणाची फुटकी गाडी? दिवसभर रस्त्यावरची प्रत्येक बाइक ऐकत बसलो. शैलानं जेवायला हाक मारली, ती ऐकू आली नाही.

९ जानेवारी

काल लिहिता आलं नाही. आज डोकं गरगरतंय, पण लिहितो.

काल सकाळी दुकान भरलेलं होतं. रस्त्यावरून पळत येणारी पावलं ऐकू आली, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. सोनाली. दारात आली, काऊंटरचं फळकूट उचलून सरळ आत, शैलाच्या मागं. एका कानात लोलक, दुसऱ्यात नुसता टॉप. वरचा ओठ फुटलेला.

मी म्हटलं, "चोर? कुठं?"

मी खरंच असं विचारलं.

मागोमाग ऋषिकेश. हसतच आला. "शेठ, त्या कानातल्याची आयडिया तुमचीच काय? हिला बाहेर पाठवा. घरची गोष्ट हाय." एका हातात हेल्मेट होतं. दुसरी मूठ मिटलेली होती, आणि तिच्यातून खाली हिरा लोंबत होता. कडी उघडलेली. मीच दाबलेली कडी, मीच न जोडलेलं तोंड.

ती लांबट कडी मला तेव्हा आठवली. समोर उभा राहून, सरळ खाली.

"ऋषिकेश," मी म्हटलं, "बाहेर जा."

त्यानं हेल्मेट काचेवर घातलं. हिऱ्यांची काच फुटली ती पावसासारखी आत कोसळली. लोलक, टॉप्स, अंगठ्या सगळं काचेत मिसळलं. मी आडवा गेलो. त्याचा उघडा पंजा माझ्या डाव्या कानावर बसला. शेकडो पत्रे एकदम आपटल्यासारखं काहीतरी झालं, आणि त्या बाजूचं जग बंद पडलं. गरम पाणी मानेवरून वाहतंय असं वाटलं. ते पाणी नव्हतं.

त्यानं माझ्यावरून वाकून तिचा दुसरा कान धरला. तोही लोलक सुटून आला. ते बघून त्याचा चेहरा असा झाला, की मी तो माणूस याआधी कधी पाहिलाच नव्हता. मग त्यानं केस धरले. मनगटाला गुंडाळले आणि तिचं तोंड फुटक्या काचेकडे ओढायला लागला. शैला तिला कमरेला धरून मागं खेचत होती. "सोड! सोड तिला!" शैलाचा आवाज मला एकाच बाजूनं येत होता.

माझी कडी सुटते. त्याची मूठ सुटत नव्हती.

ऐरणीवर हातोडी होती. छोटी, ठोकायची. मी त्याच्या बोटांच्या सांध्यांवर घातली. तो ओरडला, पण केस सोडले नाहीत. जयवंता त्याच्या दंडाला चावली, दात रुतेपर्यंत. मी पुन्हा घातली, जोर लावून, ऐरणीवर सोनं असावं तशी. तोच खडा दाताखाली येण्याचा आवाज, या खेपेला एकाच कानानं. मूठ उघडली. बोटांत केस, आणि लोलक खाली पडला.

मग बायकांनी त्याला खाली घेतला. भाजीची पिशवी, चपला, वजनं, मिळेल ते. अंतरा बाई त्याच्या छातीवर गुडघा देऊन बसल्या होत्या, साडीची इस्त्री मोडलेली, आणि एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होत्या, "ओढ ना आता. ओढ." ते त्याला म्हणत नव्हत्या, असं मला वाटलं. मी थांबा म्हणालो नाही. लडकूच्या वेळीही म्हणालो नव्हतो. हे दोन्ही मला आता एकाच वहीत लिहावं लागतंय.

पोलीस आले तेव्हा सोनाली फरशीवर बसून काचेतून हिरे वेचत होती. बोटं चिरत होती, तरी ती थांबत नव्हती. मी म्हटलं, "पोरी, राहू दे." तर म्हणाली, "काका, तुमचं नुकसान झालं."

२४ जानेवारी

डाव्या कानाचा पडदा गेला. डॉक्टर म्हणतात, थोडंफार येईल, किंवा नाही येणार.

पोलीस ठाण्यात सोनालीनं तक्रारीवर सही केली. ऋषिकेशच्या वकिलाचं म्हणणं, दुकानदाराचं आणि त्याचं भांडण होतं, बाईचा संबंध नाही. नोव्हेंबरात कान चोरानं फाडला, गावाला माहीत आहे. साहेबांनी मला विचारलं, "चोरानं ओढलेलं कानातलं तुमच्याकडे दुरुस्तीला कोणी आणलं?"

मी सांगितलं. कडी कशी ताणली होती, तेही. मग लडकूचं नाव कोणी घेतलं, तेही. साहेबांनी मान वर केली. "हे लिहू? तुमच्यावरही येईल."

"लिहा," म्हटलं. "एक थोबाडीतही मारली होती. तीही लिहा."

ठमीला निरोप धाडलाय. उत्तर नाही. यावं असं मला तरी का वाटावं?

सोनाली रियाला घेऊन कळंबला आईकडे आहे, भागूबाईकडे. सासरच्यांनी मध्यस्थ पाठवला होता. भागूबाईनं त्याला अंगणातच उभं केलं. "पोरीचा कान शिवलाय आमी. परत फाडायला नाय द्यायची," म्हणाली. सोनाली आता कानात काही घालत नाही. भोकं बुजली तर बुजू दे म्हणते.

आज दुकान पुन्हा उघडलं. हिऱ्यांच्या काऊंटरला अजून काच नाही, प्लायवूड ठोकलंय. एक बाई आली, लांबून आलेली दिसत होती, पदर डोक्यावर. नेहमीच्या त्या आवाजात काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही.

मी उजवा कान पुढं केला. "बाई, मोठ्यानं सांगा. कान गेलाय माझा."

तिनं इकडं तिकडं पाहिलं. दुकानात माणसं होती. जयवंता होती, अंतरा बाई होत्या, पैंजण घ्यायला आलेलं एक जोडपं होतं. पुन्हा पुटपुटली.

"नाही ऐकू आलं. मोठ्यानं."

तिनं पदर मागं सारला. "नवरा वढतो, शेठ," अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाली. "कान धरून वढतो. म्हनून सुटनारं पायजे."

पैंजणवाला माणूस जमिनीकडे बघायला लागला. मग दुसऱ्या टोकाकडून अंतरा बाई, वर्गात हजेरी द्यावी तशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "मलाही त्याचसाठी हवं होतं."

"मला बी," जयवंता म्हणाली.

मी पक्कड हातात घेतली. कडीचं तोंड दाबलं, ते वाकडं झालं. पुन्हा दाबलं.

शैला उठली, ओलं फडकं घेऊन बाहेर गेली. फळ्यावरचं "चोरांपासून" तिनं पुसून काढलं. खडू हातात घेऊन परत आली आणि माझ्या बाजूला उभी राहिली.

"इथं काय लिहू?" तिनं विचारलं.

डाव्या बाजूनं विचारलं होतं. तरी ऐकू आलं.